ब्राउझरच्या चाचणी आवृत्त्या आणि मराठी अक्षराची कसोटी

ब्राउझरची पक्की आवृत्ती येण्याआधी लोकांनी वापरून पाहावी म्हणून जी प्रत खुली केली जाते, तिला चाचणी आवृत्ती किंवा बीटा म्हणतात. अशी प्रत हाती आली की जगभरातले वापरणारे तिचा वेग, स्थिरता आणि नव्या सोयी पाहतात. मराठी वाचकाला त्याआधी आणखी एक गोष्ट पाहावी लागत आली आहे, ती म्हणजे अक्षर बरोबर उमटते की नाही.

या कसोटीसाठी धाराशिव जिल्ह्यातली नावे पुरेशी आहेत. ‘धाराशिव’मधला ‘शि’ संगणकात आधी श आणि मग वेलांटी असा साठवला जातो, पण पडद्यावर वेलांटी शच्या डावीकडे यावी लागते. ब्राउझरने हा क्रम बदलला नाही, तर ‘धाराशवि’ असे दिसते. ‘उस्मानाबाद’ हे नाव निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून आले आणि २०२३ पर्यंत जिल्ह्याचे अधिकृत नाव होते. त्यातले जोडाक्षर जुळले नाही, तर स पाय मोडून वेगळा उभा राहतो. ‘नळदुर्ग’मधला र साठवणीत गच्या आधी असतो, पण रफार होऊन गच्या डोक्यावर बसतो. जिल्ह्यातून जाणाऱ्या बालाघाटाच्या ‘दऱ्या’ लिहिताना र रफार झाला, तर ‘दर्या’ होतो आणि डोंगराच्या जागी समुद्र येतो. वेलांटी, जोडाक्षर, रफार आणि अर्धा ऱ या चार ठिकाणी ब्राउझर वर्षानुवर्षे अडखळले.

‘मोझेक’ हा चित्रे दाखवणारा ब्राउझर १९९३ मध्ये आला. ‘नेटस्केप’ची ०.९ ही चाचणी आवृत्ती ऑक्टोबर १९९४ मध्ये इंटरनेटवरून मोफत मिळू लागली आणि कच्ची प्रत आधी लोकांना देण्याचा प्रघात रुळला. भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी, मोठ्या शहरांपासून. स्वस्त खात्यावर ‘लिंक्स’सारखा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझर चाले. त्यात देवनागरीला जागा नव्हती, म्हणून मराठी रोमन अक्षरांत लिहिली जाई.

दुसरा टप्पा फॉन्टचा. संकेतस्थळे मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर बसवत आणि वाचकाला विशिष्ट फॉन्ट उतरवून घ्यायला सांगत. तो फॉन्ट नसेल, तर पानभर निरर्थक इंग्रजी चिन्हे दिसत. १९९७ मध्ये नेटस्केप आणि इंटरनेट एक्सप्लोरर यांच्या चौथ्या आवृत्त्यांनी पानासोबत फॉन्ट आपोआप पाठवण्याची सोय दिली, पण दोघांची पद्धत वेगळी होती. एकासाठी केलेला फॉन्ट दुसऱ्यात चालत नसे. शिवाय मजकूर मुळात देवनागरी म्हणून साठवलेलाच नसल्याने ‘तुळजापूर’ शोधून सापडत नसे.

यावरचा उपाय युनिकोडने दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र जागा होती आणि तिची मांडणी भारतीय ‘इस्की’ प्रमाणावर आधारलेली होती. विंडोज २००० मध्ये ‘मंगल’ फॉन्ट आणि अक्षरे जुळवणारी यंत्रणा आली. विंडोज एक्सपीमध्ये मात्र हा आधार कंट्रोल पॅनेलमधून चालू करावा लागे आणि त्यासाठी बहुधा मूळ सीडी लागे. सीडी नसलेल्या संगणकावर वेलांट्या भलतीकडे जात.

फायरफॉक्स २ मधली अडचण निराळी होती. साधा मजकूर नीट दिसे, पण परिच्छेदाच्या दोन्ही कडा सरळ जुळवल्या की जोडाक्षरे आणि मात्रा सुट्या पडत. ओळ ताणताना तो ब्राउझर अक्षरे एकेक करून मांडत असे, म्हणून हे घडे. फायरफॉक्स ३ साठी मजकूर मांडणारा भाग नव्याने लिहिला गेला. त्याची पहिली बीटा नोव्हेंबर २००७ मध्ये खुली झाली आणि पक्की आवृत्ती १७ जून २००८ रोजी आली. देवनागरी वाचणाऱ्यांना जाणवलेला मोठा फरक हाच होता: कडा जुळवलेले परिच्छेद आता अखंड दिसत होते.

त्याच वर्षी २ सप्टेंबरला गूगल क्रोम बीटा म्हणून आला. प्रत्येक टॅब स्वतंत्र चालवण्याची त्याची रचना आणि वेग यांची चर्चा झाली. ११ डिसेंबर २००८ रोजी त्याचा बीटा शिक्का निघाला. एप्रिल २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीने ‘ॲ’ला स्वतंत्र संकेत दिला होता. पण जुन्या फॉन्टमध्ये ते अक्षर नसल्याने अनेक पडद्यांवर त्या जागी रिकामी चौकट दिसे. आजही ‘ॲ’ आणि अवर चंद्र देऊन लिहिलेले अक्षर सारखे दिसले, तरी साठवणीत ती वेगळी असतात आणि शोधताना अडचण येते.

बटणांच्या मोबाइलवर देवनागरी वाचण्यासाठी ऑपेरा मिनीने वेगळी वाट काढली. त्याच्या सेटिंगमधला अवघड लिप्यांचा पर्याय चालू केला की कंपनीचा सर्व्हर अक्षरे चित्ररूपात पाठवी. पान दाबून लहान केलेले असल्याने ते मंद नेटवर्कवरही उघडे. देवनागरी फॉन्ट नसलेल्या फोनवर मराठी वाचण्याचा हा उपयोगी मार्ग होता. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनांवरही देवनागरीच्या जागी चौकटी येत. पुढच्या आवृत्त्यांनी ही उणीव भरून काढली.

आता अचूक अक्षराची गरज वाचनापुरती राहिलेली नाही. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळतो. उमरगा, परंडा किंवा कळंब तालुक्यातला शेतकरी गावाचे आणि खातेदाराचे नाव ब्राउझरमध्येच पाहतो. नावातली एक मात्रा चुकली, तर पुढच्या अर्जाशी ते नाव जुळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने देशी ब्राउझर विकासाची स्पर्धा जाहीर केली, तेव्हा भारतीय भाषांचा आधार ही अपेक्षांपैकी एक होती. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात झोहो कंपनीच्या ‘उला’ या ब्राउझरला पहिले बक्षीस मिळाले.

गेल्या तीन दशकांत मराठीची अवस्था चौकटीपासून अखंड ओळीपर्यंत सुधारली. तंत्रज्ञांनी मांडणीची यंत्रणा लिहिली, पण कोणते अक्षर कुठे तुटते हे ती लिपी रोज वाचणाऱ्यालाच आधी दिसते. म्हणून पुढची चाचणी आवृत्ती हाती आली की मराठी वापरणाऱ्याने वेग पाहण्याआधी आपल्या गावाचे नाव त्यात लिहून पाहावे, आणि ते तुटले तर ब्राउझरमधल्या अभिप्रायाच्या सोयीतून निर्मात्यांना जरूर कळवावे.