वृद्धाश्रमाची निवड

वृद्धाश्रमाची निवड म्हणजे ज्येष्ठ व्यक्तीच्या कायम किंवा तात्पुरत्या निवासासाठी आणि शुश्रूषेसाठी योग्य संस्था पारखून ठरविण्याची प्रक्रिया होय. या लेखात ती मुख्यतः महाराष्ट्राच्या संदर्भात दिली आहे. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. लहान कुटुंबे, परगावी वा परदेशी असलेली मुले आणि वाढलेले आयुर्मान यांमुळे अशा संस्थांची गरज वाढली आहे.

संज्ञा व प्रकार

पाश्चात्त्य देशांत ‘नर्सिंग होम’ हा शब्द वृद्धांच्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या संस्थेसाठी वापरतात. महाराष्ट्रात मात्र त्याचा रूढ अर्थ लहान खासगी रुग्णालय असा आहे आणि त्याची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार होते. वृद्धांसाठीच्या संस्थांचे ढोबळमानाने तीन प्रकार आढळतात : हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांसाठी निवासी वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्र, आणि स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी विशेष केंद्र. निराधारांसाठी धर्मादाय व शासकीय अनुदानावरील वृद्धाश्रमही आहेत. राज्यात १९९५ मध्ये मातोश्री वृद्धाश्रम योजना सुरू झाली.

कायदेशीर चौकट

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम २००७ मध्ये संमत झाला. त्यानुसार ६० वर्षे पूर्ण केलेला भारतीय नागरिक ज्येष्ठ ठरतो. चरितार्थात अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार यांचा समावेश असल्याने केवळ आश्रमात दाखल केल्याने सज्ञान अपत्यांची जबाबदारी संपत नाही. तक्रारीसाठी उपविभागीय अधिकारी किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण असते. सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेऊन सांभाळ नाकारल्यास ते हस्तांतरण कलम २३ नुसार रद्द ठरविता येते. म्हणून आश्रमात जाण्यापूर्वी घर मुलांच्या वा संस्थेच्या नावे करताना अट लेखी असणे महत्त्वाचे ठरते.

निवडीपूर्वीचा विचार

पहिला प्रश्न संस्थेचा नसून व्यक्तीच्या गरजेचा असतो. स्नान, शौच, जेवण, कपडे घालणे व चालणे यांपैकी कशासाठी मदत लागते, याची यादी डॉक्टरांच्या सल्ल्याने करावी. अनेक निवासी वृद्धाश्रम अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीस प्रवेश देत नाहीत. प्रकृती ढासळल्यावर कुटुंबास परत नेण्यास सांगतात. संबंधित व्यक्तीची संमती हा निवडीचा गाभा होय. ‘चार दिवस हवापालटाला’ असे सांगून नेल्यास पुढे विश्वास राहत नाही. शक्य असल्यास तिला दोन-तीन ठिकाणे स्वतः पाहू द्यावीत.

प्रत्यक्ष भेट

एक भेट ठरवून आणि दुसरी न कळवता, जेवणाच्या किंवा सायंकाळच्या वेळी द्यावी. कार्यालयापेक्षा पुढील गोष्टी अधिक बोलक्या असतात :

* स्वच्छतागृहात आधाराचे दांडे, न घसरणारी फरशी व बाहेरूनही उघडता येणारी कडी आहे काय.
* रात्री किती मदतनीस जागे असतात. परिचारिका प्रशिक्षित आहेत काय.
* डॉक्टर केव्हा येतात. तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात व कोणत्या वाहनाने नेतात.
* अंथरुणातील व्यक्तींची कूस नियमित बदलतात काय. कोणास बेडसोर झाले आहेत काय.
* मदतनीस रहिवाशांना कोणत्या शब्दांत हाक मारतात.
* भेटीच्या वेळा, दूरध्वनी, सणवार व पथ्याचे जेवण यांबाबतचे नियम.

शक्यतो रहिवाशांशी एकांतात बोलावे. त्यास आडकाठी होत असेल, तर ती स्वतःच एक माहिती ठरते.

करार व खर्च

अनामत रक्कम, मासिक शुल्क, वार्षिक वाढ, डायपर व औषधांचा वेगळा खर्च, आश्रम सोडल्यास वा मृत्यू झाल्यास अनामत परत मिळण्याची अट, या बाबी लेखी घ्याव्यात. संस्थेची न्यास वा संस्था म्हणून झालेली नोंदणीही पाहावी. शक्य असल्यास पंधरा दिवस ते एक महिना तात्पुरता प्रवेश घेऊन मगच निर्णय करावा.

प्रवेशानंतर

पहिले काही आठवडे कठीण असतात. झोप, भूक व बोलणे कमी होऊ शकते. नियमित भेटींमुळे मनाला आधार मिळतो आणि व्यवस्थेवर लक्षही राहते. अचानक घटलेले वजन, अंगावरचे वळ, किंवा सदैव गुंगीत असणे ही दुर्लक्षाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या राष्ट्रीय मदत क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते.