जपानी चहाविधीतील मृत्पात्रे : सौंदर्यदृष्टी, सत्ता आणि विस्थापित कारागीर

प्रस्तावना :
जपानमधील चहाविधीचा विचार बहुधा झेन तत्त्वज्ञान आणि साधेपणाचे सौंदर्य या अंगाने केला जातो. तथापि या विधीतील मातीच्या वाडग्यांचा इतिहास हा केवळ अभिरुचीचा इतिहास नाही. तो सत्ता, युद्ध आणि कारागिरांचे विस्थापन यांचाही इतिहास आहे. प्रस्तुत लेखात पंधराव्या ते सतराव्या शतकातील या प्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

चिनी पात्रांकडून 'वाबी'कडे :
चहाची भुकटी गरम पाण्यात घुसळून पिण्याची रीत झेन मठांतून सरदारवर्गात पोहोचली. आशिकागा शोगुनांच्या काळात चिनी पात्रांना, विशेषतः काळसर झिलईच्या तेन्मोकू वाडग्यांना, मोठी प्रतिष्ठा होती. मुराता जुको (१४२३-१५०२) याच्या नावे प्रसिद्ध असलेल्या पत्रात चिनी व देशी वस्तूंमधील सीमारेषा पुसण्याचा आग्रह आढळतो. त्याच पत्रात, नवशिक्यांनी केवळ देखाव्यासाठी बिझेन व शिगाराकीची ओबडधोबड भांडी मिरवू नयेत, असा इशाराही आहे. साधेपणाचेही प्रदर्शन होऊ शकते, ही जाणीव या परंपरेत प्रारंभापासूनच होती.

सेन नो रिक्यू (१५२२-१५९१) याने ही 'वाबी' दृष्टी पूर्णत्वास नेली. त्याच्या सूचनेनुसार क्योतो येथील चोजिरो या कारागिराने चाकाऐवजी हाताने आकार देऊन काळे व तांबडे राकू वाडगे घडविले. त्यांच्या जाड, सच्छिद्र भिंतींमुळे चहाची उष्णता हाताला सौम्यपणे जाणवते.

पात्र आणि सत्ता :
याच काळात चहापात्रे राजकीय चलन बनली. १५६८ मध्ये ओदा नोबुनागा क्योतोत शिरला, तेव्हा मात्सुनागा हिसाहिदे याने 'त्सुकुमो नासू' ही चहाची छोटी कुपी अर्पण करून त्याचे स्वामित्व मान्य केले. रिक्यूला आश्रय देणाऱ्या तोयोतोमी हिदेयोशीनेच १५९१ मध्ये त्याला आत्महत्येचा आदेश दिला.

युद्ध आणि कुंभार :
चहाप्रेमींना कोरियन वाडग्यांचे, विशेषतः इदो प्रकाराचे, विलक्षण आकर्षण होते. हिदेयोशीच्या कोरियावरील स्वाऱ्यांत (१५९२-१५९८) पश्चिम जपानच्या सरदारांनी अनेक कोरियन कुंभारांना पकडून आपापल्या प्रदेशात आणले. म्हणूनच या स्वाऱ्यांना 'कुंभारांचे युद्ध' असेही म्हटले जाते. हागी व सात्सुमा येथील भट्ट्या या कुंभारांनी उभारल्या. अरिता येथील पोर्सेलीनचा आरंभ परंपरेने १६१६ मध्ये यी साम-प्योंग या कोरियन कुंभाराकडे दिला जातो. सात्सुमातील नाएशिरोगावा गावात तर या कुंभारांच्या वंशजांनी कोरियन नावे व वेश टिकवावेत, असे बंधन तेथील सत्तेने घातले होते. चहाविधीच्या रसिकांनी 'प्रथम राकू, द्वितीय हागी, तृतीय कारात्सु' अशी वाडग्यांची क्रमवारी लावली. या तिघांपैकी दोन ठिकाणांची ख्याती कोरियन हातांवर उभी आहे.

निष्कर्ष :
क्योतोच्या दाइतोकुजी मठसमूहातील 'किझाएमोन' हा इदो वाडगा आज जपानचा राष्ट्रीय ठेवा आहे. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु याने त्यात अनाम कारागिराच्या निर्हेतुक श्रमाचे सौंदर्य पाहिले. तथापि कारागीर अनाम राहतो तो नेहमीच निरहंकारामुळे नव्हे. पुष्कळदा त्याचे नाव नोंदविण्याची गरजच सत्तेला वाटत नाही. वाडग्याला नाव मिळाले, मालकांची परंपरा मिळाली. घडविणारा मात्र नोंदीबाहेर राहिला. कलेचा सांस्कृतिक इतिहास लिहिताना रसिकाच्या दृष्टीबरोबरच कारागिराच्या भोगवट्याचीही दखल घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते.