ब्रँडेड की असेंबल्ड? महागड्या कॉम्प्युटरची चाळीस वर्षं



ऑगस्ट जवळ आला की दोन फोन ठरलेले असतात. एक तुम्ही घरी करता: “बाबा, नवीन लॅपटॉप घ्यावा लागेल, कोर्सला लागतोय.” दुसरा घरून तुम्हाला येतो: “डिसेंबरात येतोयस ना? मग मावशीच्या चिन्मयसाठी एक मॅक घेऊन ये. तिकडे स्वस्त पडतो म्हणे.” दोन्ही फोनमध्ये थोड्या वेळाने एकच प्रश्न निघतो. “पण एवढे पैसे घालण्यासारखं असतं का रे त्यात?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एज्युकेशन लोन रुपयांत फेडायचं असतं आणि बिल येतं डॉलरमध्ये, पौंडात नाहीतर दिरहममध्ये. हजार डॉलरच्या आणि दोन हजार डॉलरच्या लॅपटॉपमधला फरक घरी बसलेल्या माणसाला चांगलाच जाणवतो. म्हणून या भागाच्या जोडीला हा लेख. कुठलं मॉडेल घ्यावं हे आम्ही सांगणार नाही, ते सांगणारे पुष्कळ आहेत. आम्हाला इतिहासाचं वेड, त्यामुळे आमचा प्रश्न जरा वेगळा आहे. महागड्या कॉम्प्युटरसाठी जास्तीचे पैसे मोजणारे लोक आजवर नेमकं काय विकत घेत आले? आणि ती गोष्ट आज त्या पैशांत मिळते का?

दहा हजार डॉलरची लिसा

जानेवारी १९८३ मध्ये ॲपलने ‘लिसा’ नावाचा कॉम्प्युटर आणला. किंमत ९,९९५ डॉलर. महागाई धरली तर आजचे तीस हजार डॉलरच्या वर! त्या बदल्यात काय मिळत होतं? पडद्यावर खिडक्या, छोटी चित्रं आणि माउस. आज हे वाचून तुम्ही खांदे उडवाल. पण तेव्हा ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसून बहुतेकांना कमांड टाइप कराव्या लागायच्या. खिडक्यांची कल्पना आधी झेरॉक्सच्या पालो आल्टोमधल्या प्रयोगशाळेत आकाराला आली होती. सर्वसाधारण ऑफिसात ती न्यायचा मोठा प्रयत्न लिसाने केला. थोडक्यात, लिसा घेणाऱ्याला दुसरीकडे सहज न मिळणारी गोष्ट मिळत होती.

ही मक्तेदारी टिकली किती? एक वर्ष. जानेवारी १९८४ मध्ये त्याच ॲपलने मॅकिंटॉश आणला. कल्पना तीच, किंमत २,४९५ डॉलर. लिसा पडून राहिली, आणि १९८९ मध्ये न विकलेल्या सुमारे २,७०० लिसा युटामधल्या लोगन गावाजवळच्या कचराभूमीत पुरून टाकण्यात आल्या, टॅक्समध्ये तोटा दाखवता यावा म्हणून.

मॅकिंटॉशच्या त्या २,४९५ मागेही एक गोष्ट आहे. तो बनवणाऱ्या टीमच्या डोक्यात १,९९५ डॉलर होते. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जॉन स्कली यांनी जाहिरातीचा खर्च निघावा म्हणून त्यात ५०० डॉलर चढवले. मशीनमध्ये एक स्क्रूसुद्धा वाढला नव्हता. शिवाय मेमरी फक्त १२८ केबी, तीही बोर्डावर सोल्डर केलेली. नवीन कार्ड खुपसायला आत स्लॉटच नव्हते. पेटी बंद ती बंदच.

हे दोन धागे लक्षात ठेवा: जाहिरातीपायी चढलेली किंमत आणि बंद पेटी. पुढे दोन्ही परत भेटणार आहेत.

नक्कल, पण कायदेशीर

दुसऱ्या बाजूला आयबीएम होती. ऑगस्ट १९८१ मध्ये तिने पीसी आणला, १,५६५ डॉलरपासून पुढे. त्या किमतीत १६ केबी मेमरी मिळायची, फ्लॉपी ड्राइव्ह नाही. तरी मोठ्या कंपन्यांनी तो भराभर घेतला, कारण पेटीवर आयबीएमचं नाव होतं. उद्या काही बिघडलं तर ‘तुम्ही हे कुठलं उचलून आणलंत?’ असं मॅनेजरला कोणी विचारलं नसतं. इथे जास्तीचे पैसे निर्धास्तपणाचे होते.

पण आयबीएमने घाईत एक गोष्ट केली होती. प्रोसेसर इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टम मायक्रोसॉफ्टची घेतली. स्वतःचा म्हणावा असा महत्त्वाचा तुकडा एकच: बायोस, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना हार्डवेअर आणि सॉफ्टवेअरची गाठ घालून देणारा छोटा प्रोग्राम. त्याचा कोड आयबीएमने आपल्या तांत्रिक पुस्तिकेत छापलाही होता. वाचायला खुला, उतरवायला मात्र कॉपीराइटची मनाई.

ह्यूस्टनमध्ये १९८२ साली टेक्सस इन्स्ट्रुमेंट्स सोडून आलेल्या तिघांनी कॉम्पॅक ही कंपनी काढली. त्यांनी इंजिनिअरांचे दोन गट केले. पहिल्या गटाने आयबीएमचा कोड वाचायचा आणि तो काय काय करतो एवढंच लिहून काढायचं. दुसऱ्या गटाने तो कोड डोळ्यांनीही पाहायचा नाही, फक्त त्या वर्णनावरून स्वतःचा नवा कोड लिहायचा. कॉपी केली असं कोणाला म्हणताच येऊ नये! १९८३ मध्ये त्यांचा पोर्टेबल विक्रीला आला, वजन साडेबारा किलोच्या आसपास, किंमत २,९९५ डॉलर. स्वस्त तोही नव्हता. पण आयबीएमसाठी लिहिलेले प्रोग्राम त्यावर चालत होते, आणि पहिल्याच वर्षात ५० हजारांहून जास्त पोर्टेबल विकले गेले.

१९८४ मध्ये फिनिक्स या कंपनीने याच रीतीने बायोस लिहिला आणि हव्या त्या उत्पादकाला विकायला काढला. मग काय, ज्याच्याकडे सुटे भाग आणि स्क्रूड्रायव्हर त्याला पीसी बनवता येऊ लागला. १९८७ मध्ये आयबीएमने नवी, स्वतःच्या ताब्यातली रचना आणली आणि ती वापरायला लायसन्सचे पैसे मागितले, तेव्हा प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि त्यांनी आपला वेगळा मार्ग काढला. २००५ मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा लेनोव्होकडे गेला.

लॅमिंग्टन रोडपर्यंत

आता आईबाबांना एक प्रश्न विचारून बघा. “तुमच्या घरी पहिला कॉम्प्युटर आला तो ब्रँडेड होता की असेंबल्ड?” नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यात कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की पहिली चर्चा हीच व्हायची. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क, कॅबिनेट असं सुटं सुटं घ्यायचं आणि ओळखीतल्या एखाद्या दादाकडून जोडून घ्यायचं. ब्रँडेडपेक्षा बरेच पैसे वाचायचे. दोन वर्षांनी रॅम वाढवायची झाली तर पेटी उघडायची, नवी पट्टी बसवायची, संपलं. हे सगळं शक्य झालं ते ह्यूस्टनमधल्या त्या दोन गटांमुळे आणि फिनिक्सच्या बायोसमुळे. आपल्या घराघरांतला पहिला कॉम्प्युटर त्या नकलेचा नातू होता म्हणा ना.

उघड्या पेटीचा आपल्या भाषेलाही फायदा झाला. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड हे त्याचं उदाहरण. पीसीच्या स्लॉटमध्ये ते बसवलं की इंग्रजीसाठी घडवलेल्या यंत्रावर देवनागरी दिसू लागायची. युनिकोड रुळायच्या आधीचा हा काळ. महागड्या, देखण्या, बंद पेटीत असं काही बाहेरून बसवणं अवघड. स्वस्त यंत्रामुळे पैसे वाचले, आणि ज्यांचा विचार मूळ कंपनीने केलेला नव्हता अशा लोकांना त्यात आपली जागाही करून घेता आली.

मग महाग ते सगळं फुकट का?

नाही. एवढ्यावर थांबलो तर अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

स्टीव्ह जॉब्स ॲपलमधून बाहेर पडल्यावर त्यांनी नेक्स्ट ही कंपनी काढली. १९८८ मध्ये तिचा काळा, घनाकृती कॉम्प्युटर आला, तोही विद्यापीठांसाठी. विद्यापीठांची अपेक्षा दोन-तीन हजार डॉलरची होती, किंमत निघाली ६,५०० डॉलर. विद्यार्थ्यांनी लांबूनच नमस्कार केला. सगळी मिळून जेमतेम ५० हजार यंत्रं विकली गेली आणि १९९३ मध्ये नेक्स्टने हार्डवेअर बनवणंच थांबवलं.

पण त्यांतलं एक यंत्र जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत पोचलं होतं. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी त्यावर पहिला वेब ब्राउझर आणि पहिला वेब सर्व्हर लिहिला. नेक्स्टवर प्रोग्राम लिहिण्याची साधनं इतकी पुढची होती की ते काम काही महिन्यांत झालं. तुम्ही आत्ता हे वाचताय त्या वेबचा जन्म एका न परवडणाऱ्या कॉम्प्युटरवर झाला. नेक्स्टची ऑपरेटिंग सिस्टमही मेली नाही. डिसेंबर १९९६ मध्ये ॲपलने नेक्स्ट घ्यायचं जाहीर केलं आणि २००१ मधली मॅक ओएस टेन त्याच पायावर उभी राहिली.

लिसा आणि नेक्स्ट यांवरून एवढं दिसतं की नव्या गोष्टी बऱ्याचदा महागड्या यंत्रात आधी येतात आणि काही वर्षांत खाली झिरपतात. पहिले गिऱ्हाईक बाकीच्यांच्या वाटचा खर्च उचलतात. बर्नर्स-लींना ते यंत्र पुरेपूर कामाला आलं, आणि बिल संस्थेने भरलं होतं. तुमचं बिल मात्र तुम्ही भरणार आहात.

आजची स्थिती

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या एम-वन चिपचा मॅकबुक एअर आणला, ९९९ डॉलरला. पंखा नाही, तापणं कमी, बॅटरी दिवसभर. इथे चित्र उलटं झालं. ‘महागड्या’ कंपनीचं सर्वात स्वस्त मॉडेलच त्या वर्षीची सर्वात मोठी उडी होती. हा फरकही फार काळ राखीव राहिला नाही. २०२४ मध्ये क्वालकॉमच्या चिप घेऊन दिवसभर चालणारे विंडोज लॅपटॉप आले.

मग जास्तीचे पैसे आता कुठे घेतले जातात? वरच्या पायऱ्यांवर. त्या एअरमध्ये मेमरी ८ जीबी होती, १६ हवी तर आणखी २०० डॉलर, आणि हा निर्णय घेतानाच घ्यायचा, कारण नंतर वाढवता येत नाही. १९८४ ची बंद पेटी परत आली ती अशी. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये ॲपलने १६ जीबी हीच सुरुवात केली, किंमत न वाढवता. स्कलींचे ५०० डॉलर आठवले का?

दुसरी बाब आयुष्याची. २०२० च्या मार्चमध्ये इंटेलच्या चिपचा मॅकबुक एअर ९९९ डॉलरला मिळत होता, नोव्हेंबरमध्ये एम-वनचा, त्याच किमतीला. २०२५ ची मॅक ओएस एम-वनवर चालते, इंटेलच्या त्या एअरवर चालत नाही. दोघांनी सारखेच पैसे दिले, एकाची नवी आवृत्ती पाच वर्षांत बंद झाली. विंडोजकडेही तेच. विंडोज १० ची नियमित मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली, आणि विंडोज ११ च्या अटींत न बसणारी कित्येक धडधाकट यंत्रं मागे राहिली. गूगलने २०२३ मध्ये क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं, आणि क्रोमबुक तर सहसा स्वस्तातच मिळतात. तेव्हा महाग घेतलं म्हणजे जास्त टिकेल, असा सरळ हिशेब बसत नाही.

फोनवर काय सांगाल?

आमचं उत्तर असं. एके काळी जास्तीच्या पैशांत वेगळी क्षमता मिळायची, मग निर्धास्तपणा मिळायचा. लिहिणं, कोडिंग शिकणं, व्हिडिओ कॉल, असाइनमेंट यांसाठी आज त्या पैशांत मिळतात ती फक्त वर्षं. म्हणून किमतीला वर्षांनी भागा. समजा ९०० डॉलरचा लॅपटॉप सहा वर्षं चालला, तर वर्षाला १५०. ६०० डॉलरचा तीनच वर्षं चालला, तर २००. इथे महागडा जिंकला. पण १,८०० डॉलरचाही सहाच वर्षं चालणार असेल तर वर्षाला ३०० होतात, आणि मधल्या दीडशेच्या बदल्यात तुम्हाला काय मिळतंय हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. व्हिडिओ एडिटिंग, थ्रीडी, मोठाले डेटासेट हे तुमचं रोजचं काम असेल तर ते सांगता येईल. नसेल तर गप्प बसाल.

घेण्याआधी तीन गोष्टी पाहा. अपडेट कधीपर्यंत मिळतील? मेमरी नंतर वाढते का, नसेल तर आत्ताच पुरेशी आहे का? आणि बॅटरी बदलायला किती पडतात?

आणि मावशीचा चिन्मय? भारतात जाताना अठरा वर्षांवरच्या प्रवाशाला एक लॅपटॉप ड्यूटीशिवाय नेता येतो, म्हणून तर तो फोन दरवर्षी येतो. न्या की. फक्त आधी त्याला विचारा, बारावीनंतर तो करणार काय आहे. आणि जमलं तर बाबांनाही विचारा, त्यांच्या असेंबल्ड पीसीचं कॅबिनेट अजून माळ्यावर आहे का. आमच्या घरी आहे. कोणी टाकूच देत नाही.