समुद्रकिनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या: कशा बनतात आणि का संपतात?

भिवंडीच्या निजामपुऱ्याला समुद्रकिनारा नाही. पण शहराजवळून वाहणारी कामवारी नदी खाडीला मिळते आणि ही खाडी वसईजवळ अरबी समुद्राला. नद्यांची वाळू अशाच वाटेने समुद्रात जाते. तिच्यातलीच काही पुढे किनाऱ्यावर साठून टेकड्या होतात.

टेकडी कशी बनते?
लाटा वाळू किनाऱ्यावर टाकतात. ओहोटीला ती सुकते आणि समुद्रावरचा वारा तिचे कण आत ढकलतो. वाटेत काडीकचरा किंवा झुडूप आलं की वारा मंदावतो आणि वाळू तिथेच पडते. या ढिगावर मर्यादवेल पसरते. जांभळ्या फुलांची ही वेल वाळूत गाडली गेली, तरी नवी मुळं आणि कोंब फुटून वर येते. वेल वाढते, तशी टेकडीही वाढते.

पावसाळ्यात काय होतं?
उसळत्या लाटा टेकडीचा पुढचा भाग कापून वाळू समुद्रात ओढून नेतात. ही वाळू किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली साठते, मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि त्यांचा जोर कमी होतो. पावसाळ्यानंतर शांत लाटा बरीचशी वाळू परत आणतात. म्हणजे टेकडी ही किनाऱ्याची शिल्लक असते. अडचणीला काढायची, नंतर पुन्हा भरायची.

माणसामुळे काय बिघडतं?
रिसॉर्ट किंवा पार्किंगसाठी टेकडी सपाट केली, की ही शिल्लकच संपते. गाड्यांच्या चाकांखाली वेल मरते आणि वाळू मोकळी होते. संरक्षक भिंतीवर आपटून परतणाऱ्या लाटा पुढची वाळू खरवडतात. नदी-खाडीतून बेसुमार रेती उपसली, तर किनाऱ्याला मिळणारी नवी वाळू घटते. दाट सुरूच्या बनाखाली मर्यादवेलीसारख्या मूळच्या वनस्पती नीट वाढत नाहीत.

फटका कुणाला?
आधी किनाऱ्यालगतच्या घरांना, विहिरींना आणि माडांच्या वाड्यांना. रत्नागिरीतल्या वेळास किंवा गोव्यातल्या गालजीबाग, मोरजी इथे अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांनाही मोकळी, कोरडी वाळू लागते.

कायदा काय सांगतो?
२०११ आणि २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनांमध्ये वाळूच्या टेकड्या सर्वाधिक संरक्षणाच्या गटात आहेत.

तुम्ही काय करू शकता?
किनाऱ्यावर गाडी नेऊ नका, ठरलेल्या पायवाटेनेच जा आणि मर्यादवेल तण समजून उपटू नका.