पहिल्या ५१२ बाइटांचा इतिहास

एकाच संगणकावर दोन कार्यप्रणाली बसवल्या, की विद्यार्थी हमखास विचारतात : सुरू होताना संगणकाला दोन्हींचा पत्ता कसा लागतो? खरे पाहता, बराच काळ तो लागतच नसे.

१९८३ साली आयबीएमच्या पीसी-एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली. तिच्या पहिल्या सेक्टरचे ५१२ बाइट : ४४६ आज्ञावलीसाठी, ६४ चार विभागांच्या नोंदींसाठी, उरलेले दोन ओळखखुणेचे. ज्या विभागावर ‘सक्रिय’ अशी खूण असेल, त्याचा पहिला सेक्टर स्मृतीत आणून सूत्रे त्याच्या हाती द्यायची, एवढेच काम. दुसऱ्या डिस्कवर काय आहे याची चौकशीच नाही.

या भोळेपणावर जगणारा एक विषाणू १९९० साली भारतात सापडला. नाव ‘जोशी’! तो याच सेक्टरात ठाण मांडी आणि ५ जानेवारीला ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकल्याखेरीज संगणक हलू देत नसे.

लिनक्ससाठी वेर्नर आल्म्सबर्गर यांनी लिहिलेला ‘लिलो’ डिस्कवरील जागांचे आकडे आधीच टिपून ठेवी. फाइल हलली की गाडी अडली. एरिक बोलेन यांनी १९९५ साली सुरू केलेला ‘ग्रब’ मात्र फाइल नावाने शोधू शकतो. विंडोजसारखी परकी प्रणाली असेल, तर तो तिच्याच प्रारंभकाकडे सूत्रे देतो. नाचणगावच्या मंडळींना हे चटकन कळावे. पूर्वी मुंबई-नागपूर मार्गावरची मोठी गाडी पुलगावला सोडून आर्वीच्या छोट्या गाडीत बसावे लागे. रूळ वेगळे, इंजिन वेगळे. पहिल्या गाडीचे काम फलाटापर्यंतच.

मग निरनिराळ्या डिस्कांवरच्या प्रणाली शोधतो कोण? गंमत अशी, की हा शोध संगणक सुरू होताना लागत नाही, आधीच लागलेला असतो. लिनक्स चालू असताना ‘ओएस-प्रोबर’ ही आज्ञावली प्रत्येक डिस्कचा प्रत्येक विभाग उघडून ओळखीच्या फाइली पाहते, आणि त्यावरून ग्रबची यादी बनते. नव्या यूईएफआय संगणकांत प्रत्येक प्रणालीचा प्रारंभक एका खास विभागात आपापल्या कप्प्यात असतो व त्याची नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत राहते. आम्हांला ही व्यवस्था अधिक शहाणपणाची वाटते.

२०२१ साली ग्रबच्या २.०६ आवृत्तीत ओएस-प्रोबर मुळातच बंद ठेवला गेला. अनोळखी विभाग आपोआप उघडणे धोक्याचे, हे त्याचे कारण. त्यामुळे शाळेच्या संगणकावर लिनक्स बसवल्यावर यादीतून विंडोज दिसेनासे झाले, तर घाबरून डिस्क पुसू नये. विभाग बहुधा जागेवरच असतो. ती सोय चालू करून यादी नव्याने बनवावी.