खासगी बाजारातली सायकल आणि पुढचा ब्रेक

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात खासगी बाजार नावाची वस्ती आहे. नावावरून हा कुणाच्या तरी खासगी मालकीचा बाजार असावा असे वाटते. पण मराठी संस्थानांच्या कारभारात 'खासगी' या शब्दाला वेगळा अर्थ होता. राजघराण्याच्या घरखर्चाचे, दानधर्माचे जे खाते, ते खासगी. होळकरांच्या खासगीतून अहिल्याबाईंनी देशभर घाट आणि देवळे बांधली, हे वाचकांना ठाऊक असेलच. इकडे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली लष्कराची छावणी टाकली. ती छावणी पुढे हललीच नाही. तंबूंची घरे झाली, घरांचे वाडे झाले, शहर वसले आणि शहराचे नाव मात्र लष्करच राहिले.

या खासगी बाजारात माझी मावशी नांदत होती. गोवा मुक्त झाल्यावर दोनेक वर्षांनी तिचे लग्न झाले आणि ती इतक्या दूर गेली की माझी आजी तिचा विषय निघाला की डोळ्यांना पदर लावायची. मावशीच्या यजमानांना आम्ही काका म्हणत असू. १९६९ च्या उन्हाळ्याच्या सुटीत आई मला घेऊन तिच्याकडे महिनाभर राहिली. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्या महिनाभरात मी काकांच्या सायकलीवर सायकल शिकलो.

ग्वाल्हेरचा मे महिना म्हणजे भट्टी. म्हणून काका मला पहाटे उठवायचे. काळी, उंच, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल. दांडीवरून पाय टाकण्याइतकी माझी उंची नव्हती. तेव्हा दांडीखालून, चौकटीच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडच्या पेडलवर घालायचा आणि अर्धे अर्धे पेडल मारत जायचे. तिकडे याला 'कैंची' म्हणतात. काका एका हाताने कॅरिअर धरून मागून धावत आणि "समोर बघ, चाकाकडे नको" असे ओरडत. आठवड्याभरात मी गल्लीच्या टोकापर्यंत एकटा जाऊ लागलो.

त्या सायकलीला पुढचा ब्रेक नव्हता. म्हणजे मुळात होता, पण काकांनी त्याच्या काड्या काढून टाकल्या होत्या. मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पुढचा दाबला की माणूस हँडलवरून उडतो. दात पडतात. मागचा पुरे." ही शिकवण मी वेदवाक्यासारखी घेतली.

गेल्या हिवाळ्यात पुष्कळ वर्षांनी खासगी बाजारात जाणे झाले. मावशी आणि काका दोघेही आता नाहीत. मावसभाऊ म्हणाला, "दादा, बाबांची सायकल बघितलीत का?" जिन्याखाली ती उभी होती. गंजलेली, पण सगळी. फक्त पुढच्या ब्रेकच्या काड्या नाहीत. त्या रिकाम्या जागेकडे पाहताना मला पणजीचा एक पावसाळा आठवला. त्याविषयी पुढे सांगतो. आधी हा ब्रेक कुठून आला ते पाहू, कारण काकांची भीती त्यांची एकट्याची नव्हती. ती सायकलीच्या जन्मापासून चालत आलेली आहे.

सायकलीला ब्रेक ही गोष्ट तशी उशिरा आली. १८७० नंतर युरोपात पुढचे चाक पुरुषभर उंच आणि मागचे ताटाएवढे अशा सायकली निघाल्या. स्वार जवळजवळ पुढच्या चाकाच्या माथ्यावरच बसे. वेग कमी करायला पेडल उलटे रेटायचे, किंवा हँडलवरची कळ दाबून लोखंडी चमच्यासारखी पट्टी टायरवर घासायची. ही पट्टी जोरात दाबली की चाक थांबे, पण वरचा माणूस थांबत नसे. तो चाकासकट पुढे उलटून डोक्यावर आपटे. काही स्वार उतारावर दोन्ही पाय हँडलवरून पुढे टाकून बसत. पडलोच तर निदान पायांवर पडू, हा हिशेब. पुढचा ब्रेक म्हणजे डोके फुटणे हे समीकरण त्या काळात खरेच होते.

१८८५ मध्ये इंग्लंडच्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' सायकल आणली. दोन्ही चाके जवळजवळ सारखी, मागच्या चाकाला साखळी आणि स्वार दोन चाकांच्या मध्ये, खाली. या जातीच्या सायकलीला लोक 'सेफ्टी' म्हणू लागले. तिची सुरक्षितता मुख्यतः बसण्याच्या जागेत होती. वजन मागे आणि खाली गेल्यामुळे पुढचे चाक आवळले तरी माणूस सहजी उलटेना. म्हणजे भीतीचे कारण तेव्हाच बरेचसे मिटले होते. भीती तेवढी उरली.

१८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर आणला आणि चमच्याचा ब्रेक निकामी झाला, कारण तो टायरच खाऊन टाकी. मग ब्रेक टायरवरून लोखंडी रिंगेवर आला. याच १८८८ सालाशी मराठी माणसाची सायकलही जोडलेली आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामुअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले ते याच साली. सायकल विकायची, दुरुस्त करायची आणि लोकांना शिकवायचीही. पुढे नांगर, पंप, किर्लोस्करवाडी हे सगळे झाले, पण सुरुवात सायकलीने झाली. चोर्ला घाट चढून गेलो की बेळगाव येते, त्यामुळे आम्हां गोवेकरांना हा इतिहास घरचाच वाटतो. तिथल्या पहिल्या गिऱ्हाइकांना ब्रेक कसा दाबायचा हे कुणी आणि काय सांगितले असेल, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आपल्याकडे जो ब्रेक घरोघर पोचला तो काड्यांचा. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आणि तिच्यासारख्या इतरांनी तो साम्राज्यभर पाठवला. स्वातंत्र्यानंतर हर्क्युलस, अ‍ॅटलस, हिरो यांनी तोच उचलला. हँडलखालची कळ दाबली की लोखंडी काड्या ओढल्या जातात आणि घोड्याच्या रिकिबीच्या आकाराची एक कमान वर उचलली जाते. तिच्या दोन टोकांचे रबरी गुटके रिंगेच्या आतल्या बाजूला टेकतात. एर्नेस्ट बाउडन याने १८९६ मध्येच नळीतून ओढायच्या तारेचे पेटंट घेतले होते आणि तारेचा ब्रेक हलका होता. (रॅलेचे मालक फ्रँक बाउडन ते वेगळे. या दोघांची गल्लत नेहमी होते.) तरी आपल्याकडे काड्याच टिकल्या, आणि त्याला कारण होते. नळीत धूळ जाते, तार गंजते आणि नेमकी तुटते. काडी तुटत नाही. वाकली तर दगडावर ठोकून सरळ करता येते. शिवाय चाक थोडे 'आउट' झाले, बाजूला डुलू लागले, तरी हा ब्रेक चालतो, कारण गुटके चाकाला बाजूने चिमटत नाहीत, आसापासून बाहेरच्या दिशेने ओढले जातात. पोत्यांसकट खड्ड्यातून जाणाऱ्या सायकलीला याहून सोशिक ब्रेक मिळाला नसता.

सोशिक होता, पण पावसात तो ब्रेकच राहत नसे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये डेव्हिड गॉर्डन विल्सन या प्राध्यापकांनी सायकलीच्या शास्त्राचा मोठा अभ्यास केला. १९७० च्या सुमारास तिथे झालेल्या चाचण्यांत असे दिसले की चकचकीत पोलादी रिंग भिजली की गुटक्याची पकड कोरड्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत, कधी त्याखालीही येते. चाक अनेक फेरे फिरून पाणी पुसले गेले की मग ती अचानक परत येते. ग्वाल्हेरला हे फारसे जाणवत नाही. किल्ल्याचा खडक सोडला तर गाव सपाट, आणि पाऊस आमच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पडतो आणि प्रत्येक गावाला चढउतार आहेत. नॉटिंगहॅमची सायकल ग्वाल्हेरला शोभली, पणजीला नाही.

आता ती गोष्ट. १९७१ चा जुलै. मी तेरा वर्षांचा होतो. वडिलांनी सेकंडहँड सायकल घेऊन दिली होती, तशीच काळी, काड्यांची, पण दोन्ही ब्रेक शाबूत. आल्तिनोच्या उतारावरून शाळेतून खाली येत होतो. पाऊस सकाळपासून लागलेला. अर्ध्या उतारावर मी डावी कळ दाबली आणि काहीच झाले नाही. आणखी दाबली. खाली वळणावर एक मासे विकणारी बाई डोक्यावर पाटी घेऊन रस्ता ओलांडत होती. मी ओरडलो. ती वळली आणि मी तिच्यावर गेलो. तिचा हात कोपराजवळ मोडला. बांगडे रस्त्याच्या पाण्यातून वाहत गेले. मला फक्त खरचटले होते. वडिलांनी तिचा औषधपाण्याचा खर्च केला. पण तो हात पुढे नीट सरळ झाला नाही. बाजारात ती दिसली की मी दुसऱ्या बाजूने जात असे. पुष्कळ वर्षे.

माझ्या उजव्या हाताखाली पुढचा ब्रेक होता. मी त्याला बोटही लावले नाही.

नंतर कधीतरी मी हे गणित शिकलो. ब्रेक लावला की भार पुढच्या चाकावर जातो आणि मागचे चाक हलके होते. हलके चाक रस्ता धरत नाही, ते घसरते. कोरड्या सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटरने जाणारी सायकल मागच्या एकट्या ब्रेकने थांबायला सहा मीटरच्या आसपास घेते, पुढचा नीट वापरला तर निम्म्यात थांबते. पुढच्याने उलटायची वेळ येते ती या मर्यादेच्याही पलीकडे दाबल्यावर. आणि पावसात? भिजलेल्या रिंगेवर माणूस उलटण्याइतकी पकड मुळात मिळतच नाही. तिथे दोन्ही गुटके सारखेच दुबळे, म्हणून दोन्ही दाबणे म्हणजे सरळ दुप्पट जोर. तेवढ्याने ती बाई वाचली असती, असे मी छातीवर हात ठेवून म्हणू शकत नाही. पण ज्या भीतीने मी उजवा हात आवरला ती त्या उतारावर, त्या पावसात खोटी होती.

आणि दोष फक्त काकांच्या वाक्याचाही नव्हता. हे मला गेल्या हिवाळ्यात त्या जिन्याखाली उभे राहिल्यावर कळले. कैंची मारणाऱ्या पोराचे हात कुठे असतात आठवा. डावा हात हँडलवर, आणि उजवी काख दांडीला नाहीतर सीटला अडकवलेली. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला. म्हणजे कैंचीवर शिकणाऱ्याच्या हाताला लागते ती एकच कळ, मागची! लहान मुलांची सायकल परवडत नव्हती म्हणून मोठ्यांच्या सायकलीवर शिकलेली आपली सगळी पिढी डाव्या हाताने थांबायला शिकली. पुढे पाय दांडीवरून जाऊ लागले, पण हाताची सवय तशीच राहिली.

कारागिरांनी या सवयीवर उपाय शोधले आहेत. काही देशांत पेडल उलटे मारले की मागचा आस आवळतो. चाकाच्या आत बंद असणारे ड्रम ब्रेक १९३० च्या दशकापासून आहेत, त्यांना पावसाची पर्वा नसते. अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगा ओल्या असतानाही पोलादापेक्षा बऱ्या धरतात. पुढे डिस्क आल्या. मला सर्वांत आवडलेली युक्ती एका कळीची आहे. कळ मागचा ब्रेक लावते, मागचा गुटका फिरत्या रिंगेबरोबर किंचित पुढे सरकतो आणि ते सरकणेच पुढच्या ब्रेकची तार ओढते. मागचे चाक हलके होऊन उचलायला लागले की गुटक्याची ओढ आपोआप सुटते आणि पुढचा ब्रेक सैल होतो. घाबरलेल्या हाताला काही ठरवावे लागत नाही. (जयविलास राजवाड्यातल्या मेजावरची चांदीची आगगाडी आठवली. डब्यातली मद्याची सुरई उचलली की ती थांबते. पाहुण्याला ब्रेक शोधावा लागत नाही!)

स्कूटर आणि मोटारसायकलींच्या बाबतीत सरकारने हे कायद्याने केले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना दोन्ही चाके एकत्र आवळणारा ब्रेक आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचा झाला. सायकलीसाठी असे काही नाही. शाळेत वाटल्या जाणाऱ्या सायकली घेऊन मुली गावोगाव उतार उतरतात, तेव्हा मी नकळत त्यांच्या उजव्या हाताकडे बघतो.

असो. मावसभावाने हौसेने सायकल दुकानात नेली. म्हाताऱ्या मिस्त्रीने खोक्यातून जुन्या काड्या शोधल्या, कमान बसवली, नवे गुटके घातले. तासाभरात पुढचा ब्रेक लागला. "चला, बाड्यापर्यंत जाऊन या," भाऊ म्हणाला. मी निघालो. दुसऱ्याच वळणावर एक गाय आडवी आली आणि मी थांबलो. थांबल्यावर हाताकडे पाहिले. डावी कळ दाबलेली होती, उजव्या हाताने नुसती मूठ धरली होती.