अस्सल आणि नक्कल



औरंगाबादेंत, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, शहागंजच्या चौकांत एक मोठी मशीद आहे. तिच्या हौदांत एके काळीं मलिक अंबराच्या नहरीचें पाणी येत असे. सतराव्या शतकाच्या आरंभीं बांधलेली ही नहर शहराच्या उत्तरेकडील डोंगरांतून पाणी गोळा करी आणि जमिनीखालच्या नळांनीं तें ठिकठिकाणच्या हौदांत सोडी. हौदाशीं बसणाऱ्यास उगम दिसत नसे आणि मधले नळहि दिसत नसत. उगम निर्मळ असूनहि मधला नळ कोणी फोडला, तर हौदाला तें कळण्याचा मार्ग नव्हता. संगणकाच्या आज्ञावल्यांचीं दप्तरें परक्या सर्व्हरवरून उतरवून घेणाऱ्या आजच्या माणसाची स्थिति कांहींशी अशीच आहे.

नकलेवर विश्वास कितपत ठेवावा, हा प्रश्न या शहराला नवा नाहीं. मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचें प्रचंड दप्तर येथेंच होतें. शाहजहान व औरंगजेब यांच्या कारकीर्दींतील लाखाहून अधिक कागद १९१६ सालीं येथून हैदराबादेस नेण्यांत आले. मोगली रिवाज असा कीं, बादशहाचा हुकूम आधीं नोंदवहींत उतरे, त्यावरून याददाश्त तयार होई, ती मूळ नोंदीशीं ताडली जाई, आणि मग तोच हुकूम पुन्हा एकदां बादशहापुढें ठेवीत. मराठी दप्तराची युक्ति मला याहूनहि सुटसुटीत वाटते. पत्राच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' असें मोर्तब उमटे. त्याखालीं कोणी ओळ वाढविली तर ती बाहेरची ठरे. लांब पत्रासाठीं कागदाचे बंद एकमेकांस चिकटवीत व पाठीमागून त्या जोडांवर शिक्का मारीत. मधला बंद काढून दुसरा घातला, तर शिक्क्याचे दोन अर्ध जुळत नसत.

लिनस टोरव्हाल्ड्स यांनीं एप्रिल २००५ मध्यें 'गिट' ही पद्धति रचली, तिच्या मुळाशीं असलेली कल्पना याहून फारशी निराळी नाहीं. आज्ञावलींत केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद होते, आणि त्या नोंदीच्या मजकुरावरून व तिच्या आधीच्या नोंदीच्या खुणेवरून गणितानें ४० अक्षरांची एक नवी खूण निघते. मागें कोठें एक अक्षर जरी बदललें, तरी तेथपासून पुढच्या सर्व खुणा बदलतात. जोडावरचा शिक्काच तो!

अशा शिक्क्याची गरज किती होती, तें त्याच्या दोनच वर्षें आधीं दिसून आलें होतें. लिनक्सची मुख्य वही त्या वेळीं 'बिटकीपर' पद्धतींत असे, आणि ज्यांना ती पद्धति नको त्यांच्यासाठीं 'सीव्हीएस' पद्धतीची एक नक्कल निराळ्या सर्व्हरवर ठेवलेली असे. नोव्हेंबर २००३ मध्यें कोणी तरी त्या नकलेंत शिरून दोन ओळी घातल्या. वाचणाऱ्यास ती एक साधी तपासणी वाटावी. परंतु जेथें बरोबरीचीं दोन चिन्हें हवींत तेथें एकच होतें. दोन चिन्हें असतीं तर 'हा मनुष्य यंत्राचा मुख्य अधिकारी आहे काय?' असा नुसता प्रश्न झाला असता. एका चिन्हानें त्याला मुख्य अधिकारी करूनच टाकलें. चोरी पकडली गेली ती नक्कल अस्सलाशीं ताडून पाहण्याची संवय होती म्हणून. नकलेंतील त्या बदलाला मूळ वहींत कोठेंच आधार सांपडेना. मूळ वही शाबूत राहिली. ज्याच्यापाशीं केवळ नक्कलच असती, त्याला मात्र संशय येण्याचें कारण नव्हतें. तो चोर कोण, हें आजवर उघड झालेलें नाहीं.

गिट आल्यावर ही चिंता सर्वस्वीं मिटली, अशी अनेकांची समजूत आहे. ती मला पटत नाहीं. खूण एवढेंच सांगते कीं, हातीं आलेलें दप्तर आंतून अखंड आहे. तें देणारा कोण, हें ती सांगत नाहीं. नोंदीवर कोणाचें नांव घालावें हें लिहिणाराच ठरवितो. २८ मार्च २०२१ रोजीं 'पीएचपी' या भाषेच्या स्वतःच्या सर्व्हरवर दोन घातक नोंदी आल्या, आणि त्यांवर नांवें होतीं तिचे जनक रास्मस लर्डॉर्फ व प्रमुख कार्यकर्ते निकिता पोपॉव्ह यांचीं! त्या लवकरच ध्यानांत आल्या हें सुदैव. शिवाय 'सर्वांत ताजी नोंद अमुक' ही चिठ्ठी सर्व्हरच्याच हातीं असते. अप्रामाणिक सर्व्हर जुनी चिठ्ठी पुढें करून एखाद्या छिद्रावरची दुरुस्ती आपणांपर्यंत पोंचूंच देत नाहीं. खुणा मात्र सर्व जुळतात.

याहून भयंकर प्रकार म्हणजे दप्तरानें उतरवून घेणाऱ्याच्याच हातून काम करवून घेणें. गिटच्या खासगी कप्प्यांत ठराविक प्रसंगीं आपोआप चालणाऱ्या आज्ञा असतात, त्यांस 'हुक' म्हणतात. परक्याचा कागद त्या कप्प्यांत कधींहि जाऊं नये, असा दंडक आहे. पण विंडोज व मॅक यंत्रें सामान्यतः फाइलींच्या नांवांतील मोठें व लहान इंग्रजी अक्षर एकच मानतात. तेव्हां एखादें अक्षर मोठें करून त्या कप्प्याचेंच सोंग घेतलेली फाइल पाठविली कीं ती थेट आंत जाऊन बसे. हें डिसेंबर २०१४ मध्यें उघडकीस आलें. मे २०१८ व मे २०२४ मध्यें दप्तराच्या पोटांत दुसरें दप्तर, म्हणजे 'सबमॉड्यूल', घालून तसाच प्रवेश मिळतो असें आढळलें. प्रत्येक वेळीं दुरुस्ती झाली, परंतु तिचा लाभ ज्यांनीं गिट नवें करून घेतलें त्यांनाच. म्हणून अनोळखी दप्तर उतरवावयाचें झाल्यास तें वेगळ्या, रिकाम्या यंत्रावर उतरवावें. पोटांतलीं दप्तरें एकदम ओढूं नयेत. आणि लेखकाची सही तपासण्याची किल्ली त्याच सर्व्हरवरून घेऊं नये.

देवघेव दोन्हीं बाजूंनीं चालते हेंहि विसरतां येत नाहीं. चुकून एखादा परवलीचा शब्द नोंदींत गेला व पुढच्या नोंदींत खोडला, तरी मागच्या नोंदींत तो तसाच असतो. ज्या अखंडपणाचें इतकें कौतुक केलें, तोच येथें आडवा येतो.

ऑगस्ट २०११ मध्यें लिनक्सच्या मुख्य सर्व्हरांतच चोर शिरल्याचें आढळलें. सर्व्हर कित्येक आठवडे बंद राहिला. आज्ञावलीची चिंता फारशी करावी लागली नाहीं, कारण हजारो लोकांच्या घरीं तिच्या प्रती होत्या व खुणा ताडून पाहतां येत होत्या. अडचण आली ती माणसांची: नव्यानें प्रवेश कोणाला द्यावा? अखेर त्या मंडळींनीं नव्या किल्ल्या तयार केल्या, आणि एकमेकांना समक्ष भेटून, ओळख पटवून, एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या केल्या.